लेखणी वाटेगावची, गळा बार्शीचा

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड अमर शेखांच्या आवाजात सुरू व्हायची, तेव्हा ती मैना नक्की कोणाची, असा प्रश्न मैदानातल्या कोणालाही पडत नसे. छक्कड अण्णाभाऊ साठ्यांनी लिहिलेली. गाणारा बार्शीचा मेहबूब पटेल, म्हणजेच अमर शेख. ऐकणारे लालबाग-परळ-काळाचौकीतून पाळी संपवून आलेले साचेवाले, रिंगवाले, बदली कामगार. त्यांच्यापैकी बहुतेकांची बायको साताऱ्याकडच्या नाहीतर रत्नागिरीकडच्या एखाद्या गावात मागे राहिलेली. त्यामुळे गाणं सुरू झालं की प्रत्येकाला आपली मैना आठवे, आणि शेवटाला बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा ही नावं येत तेव्हा बायकोच्या विरहाचं रूपांतर एका तुटलेल्या प्रदेशाच्या विरहात झालेलं असे. ही किमया त्या मैदानात कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

अण्णाभाऊ आणि अमर शेख यांच्याकडे एकत्र का पाहायचं, याचं उत्तर या छक्कडीतच आहे. दोघांनी स्वतःचं आयुष्य कलेचा कच्चा माल मानलं. पण ते असं मांडलं की ऐकणाऱ्याला स्वतःचंच आयुष्य रंगमंचावर उभं राहिल्यासारखं वाटावं. पुढे जगभर ‘कलावंताचं जगणं हीच कला’ असं म्हणणाऱ्या अनेक जोड्या झाल्या. गिरणगावातली ही जोडी त्यांच्याआधीची, आणि कुठल्याही कलादालनाच्या बाहेरची.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लाल बावटा कलापथक 1944 साली उभं राहिलं ते तिघांच्या पुढाकारातून. अण्णाभाऊ, अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर. गव्हाणकरांचं नाव आज फार कमी लोकांच्या ओठांवर येतं, आणि हा अन्याय आहे. कलापथकाचा कणा तिघांचा होता. इथे जोडी म्हणायचं ते एवढ्याच अर्थानं, की अण्णाभाऊंचे शब्द आणि अमर शेखांचा गळा यांची सांगड लोकांच्या कानात कायमची बसली.

दोघांची आयुष्यं पाहिली की ती एकाच कारागिरानं घडवली असावीत असं वाटतं, आणि तरी त्यांची माती वेगळी होती. अण्णाभाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920 चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. मूळ नाव तुकाराम. वडील भाऊ, आई वालूबाई, जात मांग. इंग्रजांनी ज्या जातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्या जातीत हे मूल जन्माला आलं. शाळा दीड दिवसाची. तिथून वाटेगावहून मुंबईपर्यंतचा पायी प्रवास, वाटेत मिळेल ते काम करत. मुंबईत भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत बिऱ्हाड. मग हमाली, फेरीवाल्याच्या मागे गाठोडं उचलणं, गिरणीतली नोकरी. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत.

अमर शेख चार वर्षांनी मोठे. 20 ऑक्टोबर 1916, बार्शी. मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबीच्या तोंडची लोकगीतं ऐकतच ते वाढले आणि गाण्याचं पहिलं शिक्षण त्यांना तिच्याकडूनच मिळालं. बसवर क्लीनर, मग बार्शीच्या गिरणीत कामगार. गिरणीतल्या संपात पुढे राहिले म्हणून तुरुंग, आणि तुरुंगात कम्युनिस्ट विचारांची ओळख. कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम करत असताना ‘अमर शेख’ हे नाव मिळालं आणि मेहबूब पटेल हे नाव मागे पडलं.

एकाला तुकारामाचा अण्णाभाऊ व्हावं लागलं, दुसऱ्याला मेहबूबचा अमर. पण नाव बदललं तरी जगणं झाकलं नाही. उलट, जे झाकून ठेवावं असं समाज सांगत होता, तेच त्यांनी पुढे आणलं.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पमधल्या डासांवर अण्णाभाऊंनी एक गाणं रचलं होतं, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत येते. त्यांच्या सुरुवातीच्या रचनांतली ही एक. गाणं देवाचं नाही, राजाचं नाही, प्रेमाचंही नाही. झोपडीतल्या माणसाला रात्री झोपू न देणाऱ्या डासांचं. जो विषय गाण्याच्या लायकीचा नाही असं कोणीही म्हटलं असतं, तो घेऊन हा तरुण डफासह उभा राहिला आणि शेजारीपाजारी हसत हसत ऐकायला बसले. त्यानंतर 1943 चा ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ आला, बंगालच्या दुष्काळावरची हाक आली, फाळणीच्या दंग्यांवरचा पोवाडा आला. विषय लेबर कॅम्पातून जगापर्यंत गेले. मात्र डासांच्या गाण्यातली नजर तशीच राहिली. स्टालिनग्राडच्या वेढ्याकडेही ती कष्टकऱ्याच्या घरातूनच पाहत होती.

पोवाड्याची परंपरा जुनी. अफझलखानवधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा शिवकाळातला. शाहीर हा नेहमी दुसऱ्याच्या पराक्रमाचा गाणारा: राजाच्या, सरदाराच्या, लढाईच्या. त्या पराक्रमात स्वतः शाहिराला जागा असे ती शेवटच्या नाममुद्रेपुरती. लाल बावटा कलापथकानं ही रचना उलटी केली. तमाशाच्या सुरुवातीचा गण गणपतीला वाहिला जातो. यांनी तो मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वाहिला. गवळण काढून टाकली. वग ठेवला, सोंगाड्या ठेवला, डफ-तुणतुणं ठेवलं, आणि सुरत्यांची ‘जी जी’ ठेवली. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘माझी मुंबई’ या वगांत सावकार, पुढारी, मालक आले आणि त्यांच्यासमोर गावचा किंवा गिरणीतला माणूस उभा राहिला. तो माणूस लिहिणाऱ्याला कुठे शोधावा लागला नाही. गाणाऱ्यालाही त्याचं सोंग आणावं लागलं नाही. अमर शेख गिरणीच्या गेटसभेत उभे राहिले की समोरच्यांना कळे, हा माणूस आपल्यासारखाच खात्यात उभा राहिलेला आहे.

त्या आवाजाबद्दल ऐकणाऱ्यांनी एकमुखानं ‘पहाडी’ हाच शब्द वापरला आहे. उघड्या मैदानात हजारोंच्या जमावावरून तो शेवटच्या रांगेपर्यंत जाई. पण आवाजाची ताकद मोठेपणात जितकी होती तितकीच ओळखीत होती. अमर शेख मुसलमान होते आणि मराठी मुलखाचा विरह गात होते. शाहिरीला हे नवं नव्हतं. उत्तर पेशवाईतला मोठा लावणीकार सगनभाऊ मुसलमान होता आणि त्याला कोणी परका मानलं नाही. फाळणीनंतरच्या वर्षांत मात्र ही गोष्ट सहज राहिली नव्हती. ज्या काळात माणसाचं नाव ऐकून शेजारी दार लावून घेत, त्या काळात एक मांग, एक मुसलमान आणि गव्हाणकर हे तिघे एका डफाभोवती उभे राहत. त्यांचं शेजारी उभं राहणं हेच एक विधान होतं. ते त्यांनी भाषणात सांगितलं नाही, कारण रोजच्या कार्यक्रमात ते दिसत होतं.

यांच्याही आधी मराठी तमाशात अशी एक जोडी होऊन गेली होती, आणि तिचा उल्लेख टाळता येत नाही. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्याच रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. अण्णाभाऊंचं वाटेगावही त्याच तालुक्यातलं. बापूराव तमाशात शिरले, पवळा या महार समाजातल्या असामान्य गायिकेबरोबर फडावर उभे राहिले आणि दोघांचं नातं हाच त्या काळच्या समाजात गदारोळाचा विषय झाला. लोक त्यांची लावणी ऐकायला येत तसेच त्यांचं धाडस पाहायलाही येत. जगणं आणि सादरीकरण यांच्यातली भिंत तिथेच पडली होती. अण्णाभाऊंना हा वारसा ठाऊक होता आणि त्यांनी तो डोळे मिटून उचलला नाही. बापूरावांनी मुंबईच्या वैभवाची लावणी गायली होती. अण्णाभाऊंनी ‘मुंबईची लावणी’ लिहिली ती तिला उत्तर म्हणून. तीत मलबार हिलची श्रीमंती आहे, तशीच परळच्या राबणाऱ्यांची वस्तीही. एका तालुक्यातून आलेले दोन शाहीर एका शहराविषयी असं वादाच्या सुरात बोलतात, हे मराठी लोकसाहित्यातलं फार मोलाचं पान आहे. ते शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

गिरणगावाबाहेरच्या वाचकासाठी त्या श्रोत्यांची घडण थोडी सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय या कलेचा उलगडा होत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत एका गावचे अनेक पुरुष राहत. तीन पाळ्या असल्यामुळे एकाच जागेवर माणसं आळीपाळीनं झोपत. जेवण खानावळवालीकडे, महिन्याच्या बोलीवर. भोंगा वाजला की एक रांग गिरणीत शिरे आणि दुसरी बाहेर पडे. या माणसांना घर होतं ते गावाकडे, मुंबईत होती ती नुसती जागा. म्हणून त्यांचं सगळं सामूहिक जगणं चाळीच्या चौकात, व्यायामशाळेत, भजनी मंडळात, गणपतीच्या मंडपात आणि परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी चाले. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगनं बांधलेल्या त्या नाट्यगृहात कामगारांनी स्वतः नाटकं केली. लालबागचं हनुमान थिएटर तमाशाच्या बारीसाठी गजबजलेलं असे. म्हणजे लाल बावटा कलापथक उभं राहिलं तेव्हा प्रेक्षक तयार होता, जाणता होता आणि चोखंदळही होता. आपल्या जगण्याविषयी कोणी खोटं बोललं तर तो उठून गेला असता.

सरकारलाही या कलेची ताकद कळली होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवरही गदा आली. तेव्हा अण्णाभाऊंनी तमाशा या शब्दाच्या जागी लोकनाट्य हा शब्द पुढे केला. आज तो शब्द सरकारी स्पर्धांच्या पत्रकांवर छापला जातो. तो रूढ होण्यामागे बंदीतून काढलेली ही वाट होती.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या जगभरच्या जोड्यांपैकी एक लंडनची. 1969 साली तिथे गिल्बर्ट आणि जॉर्ज या दोन तरुणांनी ‘सिंगिंग स्कल्प्चर’ हे सादरीकरण सुरू केलं. सेंट मार्टिन्स कलाशाळेत 1967 ला भेटलेले हे दोघे. चेहऱ्याला आणि हातांना धातूचा रंग फासून, कोट-टाय घालून ते एका टेबलावर उभे राहत आणि एक जुनं, पुलाच्या कमानीखाली झोपणाऱ्या बेघर माणसांचं गाणं पुन्हा पुन्हा लावून त्यावर सावकाश हालचाली करत. आम्ही स्वतःच शिल्प आहोत, आमचं जगणं हीच आमची कला, असं त्यांनी जाहीर केलं आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं ते वचन पाळलं. कला सर्वांसाठी, हे त्यांचं घोषवाक्य. ते राहतात पूर्व लंडनमधल्या स्पिटलफील्ड्समध्ये. ही वस्ती एके काळी फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगेनो रेशीम विणकरांची. विणकरांची वस्ती, गाणारे दोन पुरुष, बेघरांचं गाणं: काळाचौकीच्या वाचकाला हे सारं ओळखीचं वाटेल.

ओळखीचं असलं तरी फरक मोठा आहे आणि तो लपवू नये. गिल्बर्ट आणि जॉर्ज यांनी दोघांचा मिळून एक कलावंत केला; सारखे कपडे, सारखी चाल, एकच सही. अण्णाभाऊ आणि अमर शेख कधीच एक झाले नाहीत. अण्णाभाऊ स्वतः गात, अमर शेख स्वतः लिहीत. अमर शेखांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे काव्यसंग्रह आहेत, ‘पहिला बळी’ हे नाटक आहे आणि ‘प्रपंच’ (1961) या चित्रपटातली भूमिकाही आहे. त्यांना नुसता ‘आवाज’ मानणं ही त्यांच्यातल्या कवीची उपेक्षा आहे. आणखी एक फरक असा, की लंडनच्या जोडीनं गरिबांचं गाणं निवडलं. यांना ते निवडावं लागलं नाही. कमानीखाली झोपणाऱ्यांतूनच ते उठून आले होते.

त्यातून एक कठीण प्रश्न निघतो, आणि त्याला बगल देऊन या दोघांचं कौतुक करणं बरोबर नाही. आयुष्यच भांडवल असेल तर ते खर्ची पडतं. अण्णाभाऊंनी ‘फकिरा’ ही कादंबरी 1959 ला दिली. तिचा नायक त्यांच्या जातीतला, त्यांच्या मुलखातला बंडखोर. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी याच फकिरानं लुटीतली नाणी त्या घरात दिल्याची हकिकत सांगितली जाते. म्हणजे लेखकाचा जन्मच कादंबरीच्या कथानकात गुंतलेला. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. तिला राज्य पुरस्कार मिळाला. 1961 ला अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. एवढी कीर्ती मिळत असताना त्यांचं घर होतं घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी. ‘चिरागनगरची भुतं’ त्याच वस्तीतून आली. ‘स्मशानातलं सोनं’ या कथेत वारणाकाठचा भीमा मुंबईला येतो, खाणीतलं काम सुटल्यावर मढी उकरून सोनं शोधू लागतो आणि शेवटी प्रेताच्या जबड्यात बोटं गमावतो. भूक माणसाला कुठवर नेते, याचं इतकं निर्मम चित्र मराठी कथेत फार थोडं आहे. हे लिहिणाऱ्याला भूक वाचून समजलेली नव्हती. पण ती लिहून संपलीही नाही. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, वग, पोवाडे, आणि वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, 18 जुलै 1969 ला, गोरेगावच्या सिद्धार्थनगरात मृत्यू.

त्यानंतर सहाच आठवड्यांनी, 29 ऑगस्ट 1969 ला, अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले.

मृत्यूनंतर दोघांची वाटणी झाली. अण्णाभाऊंच्या जयंत्या मोठ्या झाल्या, त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, 2022 ला मॉस्कोतल्या ग्रंथालयात पुतळा बसला. अमर शेखांच्या नावानं मुंबई विद्यापीठात अध्यासन आलं. दोन्ही मान योग्यच आहेत. खटकतं ते हे, की एकाची मिरवणूक निघते तिथे दुसऱ्याचं नाव घेतलं जात नाही. एकाला जातीच्या चौकटीत बसवलं गेलं, दुसऱ्याला कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासात. एका डफाभोवती उभ्या असलेल्या माणसांना असं वेगळं काढलं, की त्यांच्या कामातला अर्धा अर्थ हरवतो. अण्णाभाऊंनी 1958 च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, या आशयाचं उद्घाटनाचं भाषण केलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर गिरणगावातली ती मिश्र गर्दी नव्हती असं म्हणता येत नाही. दलित आणि कामगार हे दोन शब्द त्यांनी तिथे एका दमात उच्चारले होते.

अमर शेखांच्या घरात ही जगणं उघडं करण्याची रीत पुढच्या पिढीतही गेली. मुलगी मलिका अमर शेख कवयित्री झाली आणि तिनं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन लिहिलं. वडिलांचं चळवळीनं भरलेलं घर आणि पुढे नामदेव ढसाळांबरोबरचा संसार, दोन्ही तिनं निर्भयपणे मांडले. शाहीर जेव्हा सगळं आयुष्य मैदानाला देतो, तेव्हा घराच्या वाट्याला काय उरतं, याचा हिशेब या पुस्तकात आहे. अण्णाभाऊ आणि अमर शेख यांच्या कलेचा विचार करणाऱ्यानं हे पुस्तक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. चळवळीच्या कलेची किंमत बहुधा बायका आणि मुलं चुकती करतात, आणि त्यांची साक्ष पोवाड्यात येत नाही.

काळाचौकीत आज या सगळ्याच्या खुणा शोधाव्या लागतात. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, जमिनी विकल्या गेल्या, चिमण्यांच्या जागी मनोरे आले. अभ्युदयनगरच्या इमारती आणि शहीद भगतसिंग मैदान अजून आहेत. इंडिया युनायटेड मिलच्या दोन आणि तीन क्रमांकाच्या गिरण्यांच्या जागी वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं महापालिकेनं ठरवलं. अशा संग्रहालयात माग, चात्या आणि भोंगा ठेवता येतो. त्यांच्याबरोबर अमर शेखांच्या आवाजाची मुद्रणं ऐकायला मिळावीत, कलापथकाच्या वगांच्या संहिता काचेखाली दिसाव्यात आणि गेटसभेतलं गाणं कसं उभं राहत असे ते नव्या मुलांना करून पाहता यावं, ही मागणी गिरणगावानं धरून ठेवायला हवी. कापड कसं विणलं हे यंत्र दाखवील. ते विणणारा माणूस संध्याकाळी काय गात होता, हे यंत्राला सांगता येणार नाही.

स्वतःचं जगणंच कलेचा कच्चा माल मानण्याचा हा धागा तुटलेला नाही, याचा एक पुरावा अलीकडचा आहे. मुंबईचा दृश्यकलावंत अमोल पाटील याचे आजोबा पोवाडे रचत आणि वडील कामगारांच्या आयुष्यावर नाटकं लिहीत. त्याच्या शिल्पांत, चित्रांत आणि सादरीकरणांत चाळीतली खोली, सफाई कामगाराचं अंग, घरातले जुने आवाज येतात. घरचा वारसा हेच त्याचं साहित्य. 2022 साली जर्मनीतल्या कासेलमध्ये भरलेल्या पंधराव्या डॉक्युमेंटा या जागतिक कलाप्रदर्शनात त्याचं काम मांडलं गेलं, आणि तिथे त्यानं आपल्यासोबत यलगार सांस्कृतिक मंच या मुंबईतल्या गाणाऱ्या तरुणांच्या गटालाही सामील करून घेतलं.